चौदा दिवस टिकलेली परवानगी : मार्च २०२४ मधील एआय ॲडव्हायझरीचे प्रकरण

१ मार्च २०२४, शुक्रवार. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने प्लॅटफॉर्म कंपन्यांसाठी एक ॲडव्हायझरी, म्हणजे सल्लावजा सूचनापत्र, काढली. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा होता : ज्यांची पुरेशी चाचणी झालेली नाही किंवा जी बेभरवशाची आहेत अशी एआय मॉडेल्स, लार्ज लँग्वेज मॉडेल्स (चॅटबॉटच्या मागे असलेली, भाषा रचणारी मॉडेल्स), सॉफ्टवेअर किंवा अल्गोरिदम भारतातल्या वापरकर्त्यांपुढे ठेवण्याआधी भारत सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. १५ मार्चला, म्हणजे दोन शुक्रवारांनंतर, त्याच मंत्रालयाने दुसरी ॲडव्हायझरी काढून पहिली रद्द केली. परवानगीची अट गेली.

सरकारने दट्ट्या दिला, उद्योगांनी ओरड केली, सरकार दोन पावले मागे आले, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. घटनाक्रम म्हणून ती बरोबर आहे, पण त्यात मुद्दा हुकतो. ती अट कडक होती की सौम्य हा प्रश्नच दुय्यम आहे. परवानगी मागायची म्हणजे अर्ज कुठे, कोणाकडे, कशासोबत आणि किती दिवसांत निकाल, यातले काहीच त्या कागदात नव्हते. नवे काही बनवणारा माणूस नियमाला जितका घाबरतो, त्याहून कितीतरी जास्त या कोऱ्या जागेला घाबरतो.

ठिणगी

फेब्रुवारी २०२४ च्या उत्तरार्धात गूगलच्या जेमिनी या चॅटबॉटच्या एका उत्तराचा स्क्रीनशॉट एक्सवर फिरू लागला. पंतप्रधान मोदींना फॅसिस्ट म्हणता येईल का, अशा आशयाच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. इतर काही नेत्यांबद्दल तसेच विचारल्यावर तेच मॉडेल सावध, गुळमुळीत बोलत होते. तक्रार भेदभावाची होती, आणि त्या आठवड्यात जेमिनी तसेही अडचणीत होते : त्याने बनवलेल्या माणसांच्या चित्रांवरून जगभर टीका झाल्यामुळे गूगलने ती सोय थांबवली होती.

२३ फेब्रुवारीला तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी हे उत्तर आयटी नियम २०२१ मधील नियम ३(१)(ख) आणि फौजदारी कायद्यातल्या काही तरतुदींचा भंग असल्याचे जाहीरपणे म्हटले. अशा साधनांची उत्तरे, विशेषतः चालू घडामोडी आणि राजकारणावरची, नेहमीच भरवशाची नसतात, असा गूगलचा खुलासा होता. त्यावर मंत्र्यांचे म्हणणे असे की 'सॉरी, बेभरवशाचे आहे' म्हटल्याने कायद्यातून सुटका होत नाही. आठवड्याभराने आलेल्या ॲडव्हायझरीत हाच 'बेभरवशाचे' शब्द होता. कंपनीने माफीत वापरलेला शब्द सरकारी कागदात निकष होऊन बसला, आणि त्याची व्याख्या कोणी केली नाही.

सरकारची काळजी मात्र खोटी नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाच्या डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेल्या हुबेहूब खोट्या, व्हिडिओने देशभर खळबळ उडाली होती. त्यावर ७ नोव्हेंबर आणि २६ डिसेंबरला ॲडव्हायझरी निघाल्या होत्या आणि १ मार्चची ॲडव्हायझरी डिसेंबरच्याच पुढची म्हणून काढली होती. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. पण डीपफेक आणि पंतप्रधानांवरचे न आवडलेले उत्तर या दोन वेगळ्या तक्रारी एकाच कागदात बांधल्या गेल्या, आणि पहिलीतली तातडी दुसरीलाही लागू झाली.

कागदावर काय होते

परवानगीशिवाय त्यात आणखी चार गोष्टी होत्या. मॉडेलमुळे बेकायदा मजकूर, पूर्वग्रह, भेदभाव किंवा निवडणुकीच्या प्रक्रियेला धोका होऊ नये. मॉडेल चुकू शकते हे लेबल लावून, 'कन्सेंट पॉपअप'सारख्या सोयीने वापरकर्त्याला सांगावे. डीपफेकसाठी वापरता येईल अशा कृत्रिम मजकुरात कायमस्वरूपी मेटाडेटा (फाइलच्या आत दडलेली तिच्याबद्दलची माहिती) किंवा ओळखचिन्ह घालावे. आणि काय कारवाई केली याचा अहवाल १५ दिवसांत मंत्रालयाला द्यावा.

अंमल तात्काळ. आधार म्हणून आयटी कायदा २००० आणि २०२१ चे नियम. इथे पहिली भेग दिसते. कलम ८७ खाली केलेले नियम राजपत्रात छापावे लागतात, संसदेपुढे ठेवावे लागतात. केंद्राचेच २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलत धोरण मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायला सांगते. ॲडव्हायझरीला यातले काहीच लागत नाही, म्हणूनच ती झटपट काढता येते. पण मग तिने 'परवानगी घ्या' म्हणायचे कशाच्या जोरावर? नियम पाळले नाहीत तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचे कलम ७९ चे संरक्षण, ज्याला या क्षेत्रात सगळे 'सेफ हार्बर' म्हणतात, ते जाते. हा खरा धाक. ॲडव्हायझरी स्वतः बंधनकारक नसली तरी ती न मानणाऱ्याने उद्या खटल्यात 'आम्ही योग्य दक्षता घेतली' असे म्हणणे जड जाते. कंपन्यांच्या कायदा विभागांना ही भाषा पक्की कळते. बंधन नाही, पण मोडण्याची हिंमतही नाही, अशी ती अवस्था.

दुसरी भेग अधिक खोल आहे. सेफ हार्बर 'मध्यस्थाला' मिळते : दुसऱ्याचा मजकूर घेणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा. नियम ३(१)(ख) सुद्धा वापरकर्त्याने काय टाकू नये याबद्दल आहे. चॅटबॉटचे उत्तर कोणी टाकलेले नसते. ते यंत्रानेच रचलेले असते. मग चॅटबॉट चालवणारी कंपनी मध्यस्थ की लेखक? मध्यस्थ असेल तर तिला संरक्षण हवे, लेखक असेल तर मध्यस्थांचे नियम तिला लागूच कसे? ॲडव्हायझरीने या प्रश्नाला वळसा घातला.

त्यात वेळही नाजूक होती. याच आयटी नियमांत २०२३ मध्ये सरकारी 'फॅक्ट चेक युनिट'ची, म्हणजे सरकारी कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे ठरवणाऱ्या कक्षाची, दुरुस्ती झाली होती आणि विनोदकार कुणाल कामरा व इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठात मतभेद झाला. पुढे सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदुरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवणाऱ्या मताच्या बाजूने कौल दिला. राजपत्रात रीतसर छापलेला नियम जिथे टिकला नाही, तिथे साधी ॲडव्हायझरी किती टिकली असती याचा अंदाज बांधायला वकील लागत नाही.

सोमवारचा खुलासा

शनिवार-रविवारी बोंब उठली. पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीचे प्रमुख अरविंद श्रीनिवास यांनी भारताचे हे पाऊल चुकीचे असल्याचे लिहिले. गुंतवणूकदार आणि संशोधकांनी त्याहून तिखट शब्द वापरले. ४ मार्चला चंद्रशेखर यांनी एक्सवर खुलासा केला : ही ॲडव्हायझरी मोठ्या, 'सिग्निफिकंट' प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपना लागू नाही, परवानगी, लेबल आणि संमती हा तर प्लॅटफॉर्मसाठी एक प्रकारचा विमा आहे, नाहीतर ग्राहक त्यांना कोर्टात खेचतील.

विम्याची उपमा वाईट नाही. पण विम्याला पॉलिसी लागते, आणि सरकारच्या परवानगीने कंपनीची जबाबदारी कमी होईल असे कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. दुसरे म्हणजे, स्टार्टअपना सूट ॲडव्हायझरीत नव्हती, ती मंत्र्यांच्या पोस्टमध्ये होती. आयटी नियमांत 'सिग्निफिकंट' समाजमाध्यमाची मर्यादा आहे, ५० लाख नोंदणीकृत वापरकर्ते. ती समाजमाध्यमांसाठी आहे, मॉडेल बनवणाऱ्यांसाठी नाही. एखाद्या पतपुरवठादाराने कंपनीला विचारले की 'तुम्हाला परवानगी लागते का', तर उत्तरादाखल दाखवायला एक पोस्ट. बँकेच्या फाइलला पोस्ट लावता येत नाही.

याच पंधरवड्यात, ७ मार्चला, केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियाएआय मिशनला पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले. १०,००० हून अधिक जीपीयू (एआय मॉडेल चालवायला लागणाऱ्या चिप), स्टार्टअपना पैसा, देशी मॉडेल्स. गुरुवारी मॉडेल बनवायला पैसे आणि आधीच्या शुक्रवारचा, ते चालू करण्याआधी परवानगी मागणारा कागद अजून उभा. दोन्ही एकाच मंत्रालयाची कामे.

परवानगी खरी द्यायचीच असती तर

हा भाग सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण 'एआयला परवाना लावा' अशी मागणी अजूनही अधूनमधून येते.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून साध्या दाखल्यालाही पदनिर्देशित अधिकारी असतो, ठरलेली मुदत असते, पहिले अपील असते, दुसरे अपील असते आणि वर आयोग असतो. औषधांच्या बाबतीत २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांनी आणखी पुढची पायरी गाठली : भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर कामकाजाच्या ३० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. परवानगी म्हणजे एवढा सगळा सांगाडा. तो नसेल तर मागे उरतो तो फक्त अधिकाऱ्याचा मूड.

खरोखर परवानगी घेणारा देश कसा दिसतो हे चीनमध्ये पाहता येते. जनरेटिव्ह एआय सेवांचे तात्पुरते नियम तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत. आपली ॲडव्हायझरी निघाली त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, तिथल्या तांत्रिक समितीने सुरक्षेच्या किमान अटी छापल्या. प्रशिक्षणाच्या मजकुरातले किमान ४,००० नमुने माणसांनी तपासायचे, ९६ टक्के निर्दोष हवेत. किमान २,००० प्रश्नांची चाचणी पेढी ठेवायची. त्यातून किमान १,००० विचारायचे आणि ९० टक्के उत्तरे चालण्यासारखी हवीत. ज्यांना नकारच द्यायचा असे ५०० प्रश्न वेगळे, ९५ टक्के नकार यायला हवा. आणि ज्यांना नकार देता कामा नये असेही ५०० प्रश्न, म्हणजे मॉडेलने भीतीपोटी तोंड मिटून बसू नये. या प्रश्नांमागचे राजकारण कोणते हे सांगायला नको, आणि ते आपल्याला नकोच आहे. पण 'पुरेशी चाचणी' या शब्दांना तिथे आकडा आहे. आपल्या कागदात नव्हता.

आता हेच खालून बघू. समजा पुण्यात सहा जणांची कंपनी आहे. बाहेरचे खुले, म्हणजे कोणालाही उतरवून वापरता येणारे, मॉडेल घेऊन, त्यावर कृषी विद्यापीठांच्या शिफारशी जोडून, ती शेतकऱ्यांना मराठीत पीकसल्ला देते. परवानगी कोणी घ्यायची : मूळ मॉडेल प्रसिद्ध करणाऱ्याने, की या सहा जणांनी? मूळ मॉडेलची नवी आवृत्ती आली तर पुन्हा अर्ज? मॉडेल तेच ठेवून सूचना बदलल्या, नवे शासन निर्णय जोडले, तर? उत्तरे प्रत्येक वेळी बदलतात. शिवाय असे मॉडेल एकच प्रश्न दोनदा विचारल्यावर दोन वेगळी वाक्ये देऊ शकते. त्यामुळे चाचणी 'पूर्ण' कधी होते हा प्रश्न आकड्यांशिवाय सुटतच नाही.

आणि या कंपनीचा खरा धोका कुठे आहे? हेक्टरी मात्रा एकरी म्हणून सांगितली तर फवारणी जवळजवळ अडीच पट होते. एकर आणि गुंठ्यात गफलत झाली तर चूक चाळीस पट. इंग्रजीत विचारल्यावर बरोबर येणारे उत्तर वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाच्या प्रश्नावर घसरू शकते. यात निवडणूक नाही, भेदभाव नाही, बेकायदा मजकूर नाही. १ मार्चच्या कागदातल्या एकाही अटीने ही चूक पकडली नसती. ती पकडायला पीकनिहाय दोन-तीनशे प्रश्नांची मराठी चाचणी, एककांची वेगळी तपासणी आणि 'इथे कृषी सहायकाला विचारा' म्हणून थांबायची जागा पुरते. परवानगीच्या फायलीपेक्षा हे स्वस्तही पडते.

कडक समजल्या जाणाऱ्या युरोपीय संघानेही चॅटबॉटसाठी सरकारी परवानगी मागितलेली नाही. १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आलेल्या तिथल्या कायद्यात धोक्याप्रमाणे थर आहेत. चॅटबॉटला मुख्यतः 'तुम्ही यंत्राशी बोलत आहात' हे सांगण्याचे बंधन. नोकरभरती, कर्ज, शिक्षण अशा जोखमीच्या वापरांतही बहुतेक ठिकाणी कंपनी स्वतःच तपासणी करून कागद तयार ठेवते. दंड मात्र जबर : मनाई असलेल्या वापरासाठी ३.५ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यातले जे जास्त ते. दार उघडे, पण चुकलात तर महागात.

अचानक कारवाईच करायची तर तीही नीट करता येते. इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने मार्च २०२३ च्या अखेरीस चॅटजीपीटीवर निर्बंध घातले. एप्रिलमध्ये अटींची यादी आणि ३० एप्रिलची मुदत दिली. २८ एप्रिलला सेवा पुन्हा सुरू झाली. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, पण कोणत्या कायद्याखाली, काय केले की सुटका, हे कंपनीला ठाऊक होते.

पंधरा मार्च

नवी ॲडव्हायझरी आली ती अहवालाची पंधरा दिवसांची मुदत संपता संपता. दुसऱ्याच दिवशी, १६ मार्चला, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होऊन आचारसंहिता लागली. परवानगी गेली, अहवालही गेला. कमी चाचणी झालेली मॉडेल्स लेबल लावून देता येतील असे ठरले. पूर्वग्रह, निवडणूक आणि मेटाडेटाच्या अटी राहिल्या.

दोन आठवड्यांत चूक मागे घेणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट नाही. तेवढे श्रेय द्यायला हवे. पण जाताना सल्लामसलत झाली नव्हती तशी मागे येतानाही झाली नाही. पहिला कागद बंद दाराआड लिहिला गेला, दुसराही.

उरलेल्या लेबलाचीही गत बघण्यासारखी आहे. 'हे मॉडेल चुकू शकते' ही ओळ प्रत्येक ॲपवर आली की ती सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखी डोळ्यांना दिसेनाशी होते. उपयोगी लेबल म्हणजे माहिती कुठल्या तारखेपर्यंतची, कोणत्या भाषांत तपासले, कोणत्या कामात हमखास चुकते. मेटाडेटाचे तर आणखी अवघड. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवले की चित्र दाबून लहान केले जाते आणि आतली माहिती गळून पडते. स्क्रीनशॉट घेतला की तीही तसदी नको. 'कायमस्वरूपी' हा शब्द लिहिणाऱ्याने गावाकडच्या ग्रुपमध्ये फिरून आलेले चित्र उघडून बघायला हवे होते.

पुढे काय झाले

त्यानंतरची कामे जास्त शिस्तीत झाली. रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रातल्या एआयबाबत आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मधल्या तिच्या अहवालात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. त्यात सँडबॉक्स, म्हणजे नियामकाच्या देखरेखीखाली प्रयोग करून बघायची जागा, आहे, आणि काळजी घेऊनही पहिल्यांदा चूक झाली तर नियामकाने नरमाईने घ्यावे असाही सूर आहे. मार्च २०२४ च्या कागदात नेमकी हीच गोष्ट नव्हती. ५ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने जाहीर केलेल्या एआय प्रशासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती सात सूत्रे उचलली. तूर्त वेगळा कायदा नको, असलेले कायदे वापरा, हा त्यांचा कल. त्यातले एक सूत्र तर अटकावापेक्षा नवनिर्मितीला झुकते माप देणारे. कलम ७९ चे संरक्षण स्वतः मजकूर रचणाऱ्या बऱ्याच एआय प्रणालींना लागू पडेलसे दिसत नाही, हेही तिथे मान्य केले आहे. म्हणजे 'मध्यस्थ की लेखक' हा प्रश्न निदान कागदावर आला.

डीपफेकचा भाग वेगळा काढून त्याचे नियम झाले, आणि या वेळी रीतसर. २२ ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलाने चित्राचा किमान १० टक्के भाग किंवा ध्वनीचा पहिला १० टक्के वेळ व्यापावा अशी अट होती. हरकती आल्या. १० फेब्रुवारी २०२६ ला अधिसूचित झालेल्या आणि २० फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नियमांत ती अट गेली. लेबल ठळक असावे एवढे राहिले, आणि मेटाडेटा तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथवर. बदल्यात न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानंतर मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये राजकीय पक्षांना खोटा मजकूर काढायला दिलेली मुदतही तीन तासांचीच होती. मोठ्या कंपनीकडे चोवीस तास पाळीत माणसे असतात. सहा जणांच्या कंपनीत रात्री दोनला आदेश आला तर तो सकाळी चहाच्या वेळी वाचला जातो. नवोन्मेषाची खरी अडचण आता तिथे आहे, आणि तिच्यावर मार्च २०२४ इतका गदारोळ झाला नाही.

या नियमांतली 'कृत्रिमरीत्या तयार केलेली माहिती' म्हणजे ध्वनी, चित्र आणि चित्रफीत. लिखित मजकूर तिच्यात येत नाही. ज्या चार ओळींच्या उत्तरावरून हे सगळे सुरू झाले, ते उत्तर आज पुन्हा तसेच आले तरी या नियमांखाली त्याला लेबल लागत नाही.